पंखाखालची उदबत्ती

आमच्या शाळेच्या वार्षिक अहवालात एक वाक्य आहे : 'निवड झालेल्या सर्व विद्यार्थ्यांनी विमानप्रवासाचा आनंद घेतला.' वाक्य माझंच आहे. अहवाल दरवर्षी मीच लिहिते, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मुख्याध्यापकांना वाटतं की जिला विज्ञान येतं तिला बाकीचं सगळं येतच असणार. त्या वाक्यातला 'सर्व' हा शब्द खोटा आहे. तो खोटा कसा ठरला आणि त्यात माझा हात किती होता हे अहवालात लिहायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहिते.

आमची शाळा शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. निवासी शाळा. मुलं वरच्या पाड्यांवरची. आईबाप पाऊस देईल तेवढी शेती करतात, मोहाची फुलं आणि डिंक गोळा करतात आणि उरलेल्या दिवसांत मिळेल तिथे मजुरीला जातात. मी मूळची भुसावळची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. माझे वडील गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचे आणि आवाजावरून चाक धड आहे की नाही ते सांगायचे. नुसतं बघून त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे, कलिंगडावरसुद्धा. त्यांच्याकडून माझ्याकडे दोन गोष्टी आल्या : वेळेचं वेड आणि तोंडाचा फटकळपणा. ठोकून बघायची सवय मात्र आली नाही, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

जानेवारीत शाळेला एक पत्र आलं. पुण्या-मुंबईकडचे काही हौशी पायलट स्वतःच्या खर्चाने छोटी विमानं घेऊन गावोगावच्या धावपट्ट्यांवर जातात आणि ज्यांनी विमान फक्त आभाळात पाहिलंय अशा मुलांना फुकट चक्कर मारून आणतात. फेब्रुवारीच्या शेवटी ते धुळ्याजवळच्या धावपट्टीवर येणार होते. दोन विमानं, प्रत्येकात पायलट सोडून तीन जागा, प्रत्येकी दोन फेऱ्या. म्हणजे आमच्या शाळेला बारा जागा. मुख्याध्यापक दोन दिवस ते पत्र घेऊन फिरत होते. फुकट म्हणजे नेमकं काय, हे त्यांना समजेना. हे लोक कुठल्या पक्षाचे, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. कुठल्याच पक्षाचे नसावेत, असं मी म्हटल्यावर त्यांची काळजी आणखी वाढली.

शेवटी अकरा मुलं निवडली आणि बाराव्या जागेवर 'सोबत एक शिक्षिका' असं मीच लिहिलं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी, असं कारण दिलं. खरं कारण असं की आयुष्यभर मी विमान खालूनच पाहिलं होतं आणि मला त्यात बसायचं होतं. हे सरळ सांगायला काय हरकत होती, कोण जाणे.

पायलट लोकांना प्रत्येकाचं वजन हवं होतं. आमच्याकडे वजनकाटा एकच, स्वयंपाकघरातला तांदळाचा. अकरा मुलं एकेक करून त्यावर उभी राहिली. मग मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुम्हीही. सगळी शाळा जमलेली. स्वयंपाकीणबाईंनी काटा वाचला आणि आकडा एवढ्या मोठ्यानं सांगितला की पलीकडच्या वर्गातही नोंद झाली असावी.

पत्रासोबत एक पुस्तिका होती, इंग्रजीत, विमानाच्या चित्रासह. मुलांना आधी समजावून सांगा, अशी विनंती होती. मी ती पुस्तिका चाळली आणि आठवीतल्या एका मुलीकडे दिली. तिचा हात चित्रकलेत चांगला आहे. शाळेतले पचनसंस्थेपासून पवनचक्कीपर्यंतचे सगळे तक्ते तिचेच. घरी ती पावरी बोलते, बाजारात आणि बसमध्ये अहिराणी, आणि आमच्यासमोर पुस्तकातली मराठी. घाईत असली की तिची अहिराणीच बाहेर येते. चार दिवस ती त्या पुस्तिकेवर बसली. शब्दकोशातून एकेक शब्द काढून तिनं तक्ता केला : शेपटी, पंख, पंखातली पेट्रोलची टाकी, आणि डाव्या पंखाखाली वाकलेली एक बारीक नळी. तिच्यापुढे तिनं लिहिलं होतं, 'या नळीत समोरून हवा शिरते, त्यावरून वेग कळतो.'

मग मी तो तक्ता भिंतीवर लावून हातात छडी घेतली आणि पाऊण तास शिकवलं. नळीवर छडी टेकवून हवेचा दाब समजावला. सायकलवर बसून तोंड उघडलं तर घशात हवा कशी जाते, हे उदाहरणही दिलं. ते मला फार आवडलं होतं. पुस्तिका मी तोवर उघडून नीट वाचलेली नव्हती. तक्ता होता ना.

विमानात पहिली कोण बसणार, यावर मुलांची रोज भांडणं व्हायची. ती मुलगी भांडली नाही. तिनं एकदाच येऊन विचारलं की, पुढच्या सीटवर बसलं तर वेगाचा काटा दिसतो का. दिसत असणार, मी म्हटलं. मग मला पुढं बसवा, ती म्हणाली. तिला डोंगर, नदी, आपला पाडा वगैरे काही बघायचं नव्हतं. तिला तो काटा हलताना बघायचा होता. मी तिला माझ्याच फेरीत टाकलं, शेवटच्या. वर गेल्यावर कुठलं यंत्र काय करतं ते ती मला सांगेल आणि माझी भीती जरा कमी होईल, असा माझा हिशेब होता. तिचं नाव यादीत शेवटी गेलं ते असं, माझ्या सोयीनं.

त्या दिवशी पहाटे बस निघाली. तापीचा पूल ओलांडेपर्यंत तीन मुलांना उलट्या झाल्या, जमिनीवरच. सोनगीरला चहा झाला आणि साडेसातला आम्ही धावपट्टीवर हजर होतो. पायलटनी साडेसातच म्हटलं होतं. ऊन चढलं की हवा उसळायला लागते आणि छोटी विमानं हेलकावतात, म्हणून साडेदहानंतर उड्डाण नाही, असं पत्रात जाड अक्षरात लिहिलं होतं. दोन पांढरी विमानं उभी होती. दोन पायलट : एक साठीचे, टक्कल पडलेले, आणि एक तरुण बाई. मुलं विमानांकडे बघत होती. आणि विमानांच्या पलीकडे मांडव होता.

मांडव पाहिल्यावर मी समजले. खानदेशात पाहुणा आला आणि त्याला फेटा न बांधता, शाल-नारळ न देता, दोन शब्द न बोलता तसाच परत जाऊ दिला, तर गावाची मान खाली जाते. पाहुणा कामासाठी आलाय, त्याला घाई आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. संस्थेचे अध्यक्ष यायचे होते. ते साडेआठला आले, सोबत दोन नातवंडांना घेऊन. नातवंडं शहरातल्या शाळेची, दिवाळीत विमानानं कुठंतरी जाऊन आलेली. मग दीप, मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक. टकले पायलट पहिल्या भाषणाला हसरे होते, दुसऱ्याला घड्याळ बघू लागले आणि तिसऱ्याच्या मध्येच उठून गेले. विमानाभोवती फिरून एकेक भाग हातानं चाचपू लागले. मला वडिलांची आठवण आली. पंखाखालच्या कुठल्याशा दांडीवर लाल कापडाची टोपी घातलेली होती, ती त्यांनी काढून खिशात टाकली. तेवढ्यात फेट्यासाठी त्यांना पुन्हा मांडवात ओढून नेलं.

आता पूजेचं. अध्यक्षांचं म्हणणं, विमानासमोर नारळ फोडायचाच. तरुण पायलटबाईंनी हात जोडून नाही म्हटलं. नारळाचा एखादा तुकडा पंख्यात गेला तर काय, वगैरे. वाद वाढायला लागला तेव्हा मी मध्ये पडले. विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ते तांदळाच्या काट्यावर सिद्धही झालेलं. मी तोडगा काढला : नारळ नको, फुलांचा हार नको, नुसतं हळदकुंकू आणि उदबत्ती. सगळ्यांना पटलं. मी स्वतःवर खूश झाले. मग मुख्याध्यापकांनी ताट माझ्याच हातात दिलं, कारण तिथल्या बायकांमध्ये पायलटबाई सोडल्या तर मी एकटीच.

ताट घेऊन मी टकल्या पायलटांच्या विमानाकडे गेले. मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते. एकविसाव्या शतकात विमानाला कुंकू लावतायत, मुलांसमोर, आणि तेही मला लावायला सांगतायत. नाकावर कुंकवाचं बोट टेकवलं. उदबत्त्या दोन लावल्या होत्या, वारा होता, आणि त्या खोचायला जागा मिळेना. घरी केळं असतं, इथे काय. इकडेतिकडे पाहिलं तर डाव्या पंखाखाली, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक वाकलेली नळी, तिला पुढच्या बाजूला नेमकं उदबत्तीच्या मापाचं भोक. लाल टोपी मघाशी काढली ती याचसाठी, असंही मला क्षणभर वाटलं. मी दोन्ही काड्या त्यात घट्ट बसवल्या. हात जोडले. मुलं रांगेत उभी राहून बघत होती. फोटो निघाला.

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात माझा चेहरा अंधश्रद्धेला हसणाऱ्या बाईचा आहे.

फेटा बांधलेले पायलट परत आले आणि चार पावलांवर थबकले. पुढं धावले, एका झटक्यात जळती उदबत्ती उपसून जमिनीवर टाकली आणि बुटानं चिरडली. पंखात पेट्रोल असतं, ते अगदी हळू आवाजात म्हणाले. मग नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि विचारलं, हे कोणी लावलं?

कोणी बोललं नाही. मीही नाही. त्या मुलीचे वडील पहाटेच्या पहिल्या एसटीनं आले होते, पांढरा धुवट सदरा घालून. मघाशी त्यांनी विमानाच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला होता, तेवढंच. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, या लोकांना काय सांगायचं, पायलटसाहेब. ते मराठी वडिलांना कळलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी मान खाली घातली. काही चुकलंय असं कोणी म्हटलं की आधी मान खाली घालायची, बाकी मग बघायचं, अशी त्यांना सवय असावी. मी ताट धरून उभीच होते.

पायलटांनी विषय वाढवला नाही. दुसरं विमान उडू द्या, माझं मी दहा मिनिटांत जमिनीवर पळवून बघतो, असं ते म्हणाले. पायलटबाई पहिली तीन मुलं घेऊन वर गेल्या. सगळ्यांच्या माना वर. माझी मात्र त्या नळीकडे, कारण मी दोन काड्या लावल्या होत्या आणि बाहेर एकच आली होती.

मी जमिनीवर शोधलं. दुसरी वाऱ्यानं पडली असेल, अशी मनाची समजूत घातली. चिरडलेल्या उदबत्तीजवळ राख होती, काडी एकच. आता बोलावं तर विमान अडणार, शेवटची नावं गळणार, आणि शिवाय सगळ्यांसमोर विज्ञानाच्या मॅडमनी नळीत उदबत्ती खोचली हे सांगावं लागणार. खरं सांगायचं तर हा तिसरा मुद्दा माझ्या मनात पहिला होता. नाही बोलावं तर त्याच विमानात पुढच्या सीटवर ती मुलगी बसणार आणि मागे मी. मी ताट धरून तीच जमीन पुन्हा एकदा शोधली.

ती माझ्याजवळ आली. आवाज अगदी लहान.

"मॅडम, दोन व्हत्यात ना?"

मी विचारलं, तू पाहिलंस?

तिनं मान हलवली. एक आत मोडली, बाहेरचा तुकडा वाऱ्यानं उडाला, असं ती म्हणाली. हवेची नळी तीच, तक्त्यावरची, असंही म्हणाली.

मला राग आला, आणि तोही तिच्यावर. माझं हे असंच होतं, चूक सापडली की आधी समोरच्यावर ओरडावंसं वाटतं. मी दबक्या आवाजात म्हटलं, मग मी लावत होते तेव्हाच का नाही बोललीस?

"तुमले माहीत व्हई, आसं वाटनं माले."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं, मला टोमण्यांची सवय आहे. तिनं खरंच तसं धरलं होतं. तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, शंका विचारा, शंका विचारा; आणि माझ्या सगळ्यात हुशार मुलीनं आपल्या डोळ्यांनी दिसत असलेली गोष्ट गिळली, कारण मॅडमनी केली म्हणजे बरोबरच असणार. आणि आता ती बोलली तेव्हा तिला ठाऊक होतं की हे विमान थांबलं तर शेवटचं नाव तिचंच आहे. मी ताट खाली ठेवलं आणि पायलटांकडे गेले.

दोन होत्या, मी लावल्या होत्या, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. अध्यक्षांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. चाकाला हात लावणाऱ्यांनी काही केलं नव्हतं, हेही सांगितलं. मुख्याध्यापक माझ्याजवळ येऊन कुजबुजले, मॅडम, गरिबाला वाचवायला तुम्ही कशाला अंगावर घेता? दोन पालकांनी तर टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले की अशा मोठ्या मनाच्या शिक्षिका संस्थेला लाभल्या हे आमचं भाग्य. विज्ञानाची बाई असलं काही करेल यावर कोणाचाच विश्वास बसेना. उरलेली शाल माझ्या खांद्यावर पडली.

विश्वास फक्त पायलटांनी ठेवला. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत. काटा अजिबात हलला नसता तर मला धावपट्टीवरच कळलं असतं. अर्धवट हलला असता तर मात्र उशिरा कळलं असतं. दुसरी काडी कोणाच्या लक्षात आली, त्यांनी विचारलं. मी त्या मुलीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि तक्ता कसा केला, नळीचं काम कुठं वाचलं, सगळं विचारलं. मग मेकॅनिकला हाक मारली.

मेकॅनिक धुळ्याचेच, पिकल्या दाढीचे. घरची मोटार वाइंडिंगची दुकानदारी मुलावर सोपवून गेली पंधरा वर्षं धावपट्टीवर काम करत होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी नळीच्या भोकात बॅटरीचा उजेड टाकला, आत पाहिलं आणि म्हणाले, है, अंदर बैठी है. नळी खोलावी लागली. बॅटरी धरायला कोणीतरी हवं होतं, ती त्यांनी त्या मुलीच्या हातात दिली. ती पाय रोवून उभी राहिली आणि उजेड जराही हलू दिला नाही. मीही तिथेच होते, स्क्रू ठेवायला त्यांनी माझा तळहात वापरला.

विमान त्या दिवशी उडणार नव्हतं, हे ठरलंच. पण पायलटबाई दोनऐवजी चार फेऱ्या मारायला तयार झाल्या, म्हणजे जागा पुन्हा बाराच. मी माझं नाव खोडायला सांगितलं आणि निर्धास्त झाले. दुसरी फेरी गेली, तिसरी गेली. आम्ही तिघं नळीत गुंतलेलो. बारीक तार घालून चाचांनी काडीचा तुकडा ओढून काढला, बोटाच्या पेराएवढा, टोकाला काळा. तो त्यांनी मला दिला. त्याच वेळी मागे दार लागल्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. चौथ्या फेरीसाठी आमच्या शाळेचा एक मुलगा आणि अध्यक्षांची दोन्ही नातवंडं बसली होती. मुख्याध्यापक म्हणाले, नाव पुकारलं, ती आली नाही, जागा रिकामी जाण्यापेक्षा. ती कुठं होती हे त्यांना चार पावलांवर दिसत होतं. मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही; ते निवृत्त होईपर्यंत अजून दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढायची आहेत. पण तेव्हा विमान धावायला लागलं होतं. विमान खाली उतरल्यावर मी पायलटबाईंना विनवलं, अजून एकच चक्कर, एकाच मुलीसाठी. त्यांनी खांबावरच्या, वाऱ्याचा जोर दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे हात केला. ती ताठ आडवी झाली होती आणि झटके देत होती. साडेदहा होऊन गेले होते. त्यांचाही चेहरा पडला. मुलांना घेऊन मी जाणार नाही, त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होतं. दीड तास आम्ही फेटे बांधले होते.

मुलीचे वडील बाजूला सावलीत उभे होते. त्यांनी मला विचारलं, "पोरगी बसनी का?" मी नाही म्हणाले. आणि मग, त्यांना कळो न कळो, सगळं सांगितलं, उदबत्तीचं, त्यांच्यावर आलेल्या आळाचं, माझ्या गप्प बसण्याचं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग शेजारचा दगड पदराएवढ्या रुमालानं पुसला आणि मला बसा म्हणाले.

मुलगी रडली नाही. चाचा नळी परत बसवत होते, ती बॅटरी धरून होती. वर गेलेली मुलं आता तिच्याभोवती जमून सांगत होती, तापी दिसली, बसगाड्या मुंगळ्यांसारख्या दिसल्या, एकाला तर शिरपूरही दिसलं म्हणे. ती हूं हूं करत होती. मग तिनं एकाला विचारलं, काटा हलला का? त्यानं पाहिलंच नव्हतं.

हे टकल्या पायलटांनी ऐकलं. त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, टेस्ट तो वैसेही करनी है. आणि त्यांनी त्या मुलीला उचलून विमानात, पायलटच्या सीटवर बसवलं. पायलट दारात उभे राहून कुठला काटा वेगाचा, ते दाखवू लागले. पंचावन्नला विमान जमीन सोडतं, त्यांनी सांगितलं.

चाचांनी ढोरांना टोचतात तसली एक मोठी सिरिंज काढली, सुई नसलेली, पुढे रबरी नळी. ती वेगाच्या नळीच्या तोंडावर घट्ट चढवली. दट्ट्या हळूहळू दाबायचा. आत हवा जाते आणि विमानाला वाटतं आपण धावतोय. मग तसाच एक मिनिट धरून ठेवायचा. काटा खाली आला नाही तर नळी शाबूत. हे सांगून त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली. आपने लगाया, आप ही देखो, म्हणाले. त्यांच्या दाढीत थोडं हसू होतं.

मी पंखाखाली उभी राहिले. खांद्यावर सत्काराची शाल, ती सारखी घसरत होती, शेवटी काढून फेकली. अंगठ्यानं दट्ट्या दाबायला लागले. वर काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं, तिचा आवाज तेवढा येत होता. ती आकडे वाचत होती. वीस. तीस. तीसला थांबनं, मॅडम. मी आणखी दाबलं. चाळीस. हवा कुठेही निसटत नव्हती, दट्ट्या उलटा रेटत होता. पन्नास.

मुलं जवळ सरकून उभी राहिली होती. ज्यांनी खरंच उड्डाण केलं होतं तीही. तिचे वडील पंखाच्या टोकाशी येऊन उभे राहिले, हात मागे बांधून, कशाला चुकूनही हात लागू नये म्हणून.

"पंचावन्न," ती म्हणाली. "आते उडनं, मॅडम. सोडू नका."

मी सोडलं नाही. चाचा घड्याळ बघत होते. मिनिट भरलं तेव्हा ते म्हणाले, बस मॅडम, काटा टिकला. वरून तिचा आवाज पुन्हा आला, अजून पंचावन्नच, ती सांगत होती. माझा अंगठा बधिर झाला होता. मी दोन्ही हातांनी दट्ट्या धरला आणि ती आपण होऊन खाली उतरेपर्यंत तसाच दाबून धरला.